सत्तावीस नंबरची पिशवी

"विहिरीच्या जास्ती जवळ तर आठ नंबर हाय. मग आठला कसं काय झालं न्हाई?"

द्रौपदाआक्का कामठे हे विचारत होत्या तेव्हा त्यांच्या काखेत एक कोंबडी होती आणि मोकळ्या हाताने त्या तिच्या पंखात देवीची लस टोचत होत्या. मी त्यांच्या अंगणात बाजेवर बसलो होतो. मांडीवर वही होती आणि वहीत एक आलेख होता. तो मी त्यांना हौसेने दाखवला होता, कारण वस्तीवर तो दाखवण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, आठ नंबर हा अपवाद आहे. विज्ञानात अपवाद असतात, असंही वर सांगितलं. आक्कांनी मान डोलावली आणि पुढची कोंबडी धरली. शिकलेल्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचं नाही, एवढी रीत त्यांच्याकडे होती.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरंदर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी साळुंक्यांच्या पिल्लांवर पीएच.डी. करत होतो. कुणी विचारलं तर मी 'पक्ष्यांवर' एवढंच सांगायचो. 'साळुंक्यांवर' म्हटलं की समोरचा माणूस आधी पत्र्याकडे बघायचा, तिथे हमखास एक साळुंकी बसलेली असायची, आणि मग तो माझ्याकडे बघायचा. बांधावरच्या लिंब-बाभळींना मी चाळीस लाकडी पेट्या टांगल्या होत्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नंबर घातले होते, आणि साळुंक्यांनी एकही पेटी रिकामी सोडली नव्हती. पिल्लांना कोणते आजार होतात आणि ते एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात कसे जातात, हा माझा विषय.

आक्का वस्तीच्या पशुसखी होत्या, म्हणजे रीतसर ट्रेनिंग घेऊन शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणाऱ्या. त्यांच्याच पडवीत मी राहायचो आणि त्यांच्याच हातचं जेवायचो. त्या मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत. मी अजून डॉक्टर झालेलो नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, व्हाल की.

नीतीच्या बाबतीत मी भलताच काटेकोर होतो. हे काम सुरू करण्यापूर्वी आमच्या संस्थेच्या नीती समितीकडे अर्ज करावा लागे. लोक तो दोन पानांत उरकत, माझा अकरा पानी होता. पिल्लू चार मिनिटांहून जास्त पेटीबाहेर ठेवायचं नाही, त्यासाठी गळ्यात स्टॉपवॉच. दुपारी बारा ते चार हात लावायचा नाही. रक्त दोन थेंब, तेही हंगामात एकदाच. आणि आजारी पिल्लावर उपचार करायचे नाहीत, कारण तो निसर्गात हस्तक्षेप. समितीतल्या एका सदस्यांनी हा अर्ज नमुना म्हणून जपून ठेवावा असा शेरा मारला होता. त्या अकरा पानांत पिशवी हा शब्द दोनदा आला होता आणि दोन्हीदा वजनाच्या संदर्भात.

कारण वजन पिशवीत घालूनच करायचं असतं. पांढऱ्या सुती कापडाची वीतभर पिशवी, तिच्यात पिल्लू, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला, आकडा वहीत, पिल्लू परत पेटीत. दुसऱ्या पिल्लाला पुन्हा तसंच.

आक्कांच्या त्या प्रश्नाच्या पंधरा दिवस आधी नऊ नंबरच्या पेटीत पहिल्यांदा फोड दिसले. डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला, पायांवर. कोंबड्यांना देवी येतात तसलाच हा आजार. मग दहामध्ये दिसले, अकरामध्ये दिसले आणि थेट सव्वीसपर्यंत गेले. नऊ, दहा, अकरात सगळी पिल्लं आजारी होती, पुढे पुढे संख्या कमी होत गेली आणि सव्वीसमध्ये एकच. डोळे बंद झाले की पिल्लू चोच उघडायला चुकतं, आणि चोच उघडली नाही की आईबाप दुसऱ्याला भरवतात. एकोणीस पिल्लं मेली. आक्का एकदा खोबरेल तेलात कालवलेली हळद घेऊन माझ्यामागे बांधापर्यंत आल्या होत्या, कोंबड्यांना त्या तीच लावत. मी त्यांना हस्तक्षेपाचं तत्त्व समजावून सांगितलं. त्या वाटी घेऊन परत गेल्या.

मला वाईट वाटत होतं, हे खरं आहे. मी खूश होतो हेही तितकंच खरं आहे. नऊ नंबरच्या जवळ एक पडकी विहीर होती, विहिरीत डास होते, आणि विहिरीपासून जसजसं अंतर वाढेल तशी लागण कमी होत जाणारी अशी देखणी उतरती रेघ आमच्या विभागात कुणाच्या वाट्याला आली नव्हती. माझ्या मार्गदर्शक तासकर मॅडम सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "उन्मेष, हा आख्खा प्रबंध आहे."

आणि आता आठ नंबर.

सगळ्या कोंबड्या झाल्यावर आक्कांनी हात धुतले आणि विचारलं, रोज एकपासूनच सुरुवात करता का. मी म्हणालो, हो. नंबराने जायचं, म्हणजे चूक होत नाही.

"आमाला ट्रेनिंगमधी पयलं हेच सांगितल्यालं," आक्का म्हणाल्या. "ज्या घरी रोग न्हाई ती खुराडी आधी करायची. रोगाची शेवटाला. न्हाईतर रोग आपल्याच हातानं फिरतो." मग त्यांनी सकाळच्या फेरीनंतर खुंटीला अडकवलेल्या माझ्या पिशवीकडे पाहिलं. "पिशवी एकच हाय न्हवं तुमची?"

"एकच आहे. पण मी ती रोज संध्याकाळी साबणाने धुतो."

"संध्याकाळी," आक्का म्हणाल्या, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

मी बाजेवर बसून राहिलो. रोज सकाळी स्वच्छ पिशवीत एक ते आठ नंबरची पिल्लं बसत होती. मग नऊ नंबरची फोडवाली पिल्लं बसत होती, आणि त्याच पिशवीत, त्याच ओलसर कापडात, दहा नंबरची उघडी कोवळी कातडी घासली जात होती. मग अकरा. सव्वीसपर्यंत जाता जाता कापड जरा पुसलं जात होतं, म्हणून तिथे एकच. विहिरीचा, डासांचा आणि वाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता. गळ्यात स्टॉपवॉच लावून, चार मिनिटांच्या आत, मी स्वतः तो आजार घरोघर पोचवत होतो.

वस्तीवर मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायची. मी टाकीवर चढून मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती पिल्लं. मी आजारी आणि मेलेली असे दोन्ही आकडे दिले.

"पुरावा काय?" मॅडम म्हणाल्या.

मी आठ नंबरचं सांगितलं. त्या म्हणाल्या की एका पेटीवरून काही ठरत नाही. ते डासांचंही असू शकतं आणि पिशवीचंही. आता डासांचं प्रकरण लिहिता येणार नाही, कारण शंका आली आहे. पिशवीचं लिहिता येणार नाही, कारण खात्री नाही. दोन हंगामांचं काम, आणि हाती कुठलंच प्रकरण नाही. माझी फेलोशिप त्या वर्षी संपत होती, तिसरा हंगाम मिळणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"ओढ्यापलीकडच्या पेट्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

कोरड्या ओढ्याच्या पलीकडे सत्तावीस ते चाळीस अशा चौदा पेट्या होत्या. त्या मी उशिरा टांगल्या होत्या, त्यामुळे तिथली पिल्लं दुसऱ्या दिवशी कुठे सहा दिवसांची होणार होती. सहाव्या दिवसापर्यंत मी पिल्लाला हात लावत नसे. म्हणजे पिशवी तिथे अजून गेलीच नव्हती.

"प्रत्येक पेटीला वेगळी पिशवी," मॅडम म्हणाल्या. "हात धुवायचे. आणि अलीकडच्या पेट्यांकडे फिरकायचंसुद्धा नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "खात्री करायचा मार्ग आहे, उन्मेष, पण तो आपल्यासाठी नाही. समजलं ना?"

मला समजलं होतं. त्यांनी सांगण्यापूर्वीच समजलं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

आक्कांनी त्या संध्याकाळी एक जुनी चादर फाडून चौदा पिशव्या शिवल्या. मशीन पायाचं होतं, आवाज वस्तीभर गेला असणार. प्रत्येकीवर लाल दोऱ्याने नंबर घातला. अंक काढायला त्यांना वेळ लागत होता, चौतीसचा चार त्यांनी दोनदा उसवला. मग सगळ्या उकळून वाळत घातल्या. जुनी पिशवी मी त्या दिवशी धुतली नव्हती. जाळून टाकायची म्हणून पॉलिथिनमध्ये घालून बाजूला ठेवली होती, आणि जाळली नव्हती.

सकाळी ती माझ्या खांद्याच्या झोळीत होती. ती मी घेतली की चुकून आली, याचा खल मी पुढे बरीच वर्षं केला. मीच घेतली होती.

सत्तावीस नंबर ओढा ओलांडल्यावर पहिल्याच बाभळीला होता. चार पिल्लं होती. साळुंकीचं सहा दिवसांचं पिल्लू काही देखणं नसतं. पोट मोठं, मान बारीक, पंखांच्या जागी निळसर खुंट. पेटीचं झाकण उघडलं की त्यांना वाटतं आई आली, आणि चौघंही चोची वासून उभी राहतात. मी शिडीवर उभा होतो. माझ्या डाव्या हातात लाल दोऱ्याने सत्तावीस लिहिलेली कोरी पिशवी होती. उजवा हात झोळीत होता.

मी स्वतःला जे सांगितलं ते इथे लिहून टाकतो. एकोणीस पिल्लं आपल्यामुळे गेली, आणि का गेली हे जगाला कळलंच नाही, तर देशभर शेकडो लोक हीच पिशवी घेऊन पेट्या तपासत राहतील. चार पिल्लांनी हजारो वाचतील. शिवाय कालपर्यंत मी हेच करत होतो आणि तेव्हा त्याला संशोधन म्हणत होते. आज मी नवीन काहीच करणार नव्हतो. फक्त पिशवी बदलणार नव्हतो. हे सगळं मी अतिशय शांतपणे स्वतःला पटवलं. प्रबंधाचं नाव मी एकदाही काढलं नाही, यावरूनच ओळखायला हवं होतं.

मी कोरी पिशवी खिशात घातली आणि जुनी बाहेर काढली. चार पिल्लांची चार वजनं केली. स्टॉपवॉच लावलं होतं, तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली. मग जुनी पिशवी ओढ्यात जाळली, हात जंतुनाशकाने दोनदा धुतले, आणि अठ्ठावीस ते चाळीस या तेरा पेट्या मॅडमनी सांगितल्या तशाच केल्या. प्रत्येकीला स्वतःची पिशवी.

दुपारी आक्कांनी चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि माझ्याकडून पिशव्या मागून घेतल्या. त्या एकेक उलटी करून पाण्यात सोडत होत्या. पिल्लू पिशवीत गेलं की घाण करतंच. न करणारं एकही पिल्लू मला दोन हंगामांत भेटलं नव्हतं. तेरा पिशव्या पातेल्यात गेल्या. चौदावी त्यांनी उलटी केली, सुलटी केली, नंबर वाचला आणि घडी घालून बाजूला ठेवली.

"ही उकळायला नको," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, सत्तावीसची पिल्लं नुसती बघितली, वजन केलं नाही. माझी वही तिथेच बाजेवर उघडी होती आणि त्यात सत्तावीससमोर चार आकडे होते. आक्कांना आकडे चांगले वाचता येत. त्या लाकडं पुढे सारत राहिल्या. मी वही मिटली.

आठव्या दिवशी सत्तावीसमध्ये फोड दिसले. चारपैकी तिघांना. बाकीच्या तेरा पेट्यांत एकालाही नाही. म्हणजे डास नव्हते, वारा नव्हता, पिशवीच होती. मला खात्री झाली, आणि ती मला कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती.

त्या दिवशी मी परत आलो तेव्हा आक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, वाटीत तेल घेतलं, हळद कालवली आणि माझ्यापुढे चालू लागल्या. या वेळी मी हस्तक्षेपाचं तत्त्व काढलं नाही. मी शिडी धरली. त्या साडीचा काष्टा आवरून वर चढल्या आणि एकेका पिल्लाच्या डोळ्यांभोवती बोटाने हळद लावली. सात दिवस त्या रोज येत होत्या. दोन पिल्लं मेली. एक बरं झालं, आणि ज्याला काहीच झालं नव्हतं त्याच्याबरोबर उडून गेलं.

शेवटच्या दिवशी शिडी खांद्यावर घेऊन परत येताना त्यांनी विचारलं, "तुमाला कळायचं होतं ते कळलं का?"

"कळलं."

"मग बरं," आक्का म्हणाल्या.

प्रबंधात मी ते प्रकरण पिशवीवरच लिहिलं. मॅडमनी तशी परवानगी दिली, कारण आता आठ नंबर एकटा नव्हता, पलीकडच्या तेरा निरोगी पेट्या जोडीला होत्या. शंका म्हणून एवढं पुरेसं होतं. सत्तावीस नंबर मी नऊ ते सव्वीसच्या ओळीत सरळ पुढे जोडला, आणि मॅडमना सांगितलं की जुनी पिशवी तिथे आधी एकदा गेली असावी. आजारी पेट्या अठराच्या एकोणीस झाल्या, मेलेली पिल्लं एकोणीसची एकवीस. तक्त्याखाली लिहिलं, 'सर्व लागण संशोधकाच्या अनवधानाने झाली असण्याची शक्यता.' संशोधकाने स्वतःची चूक इतक्या उघडपणे मांडलेली कुणी पाहिली नव्हती. त्याचा दोन पानांचा लेखही झाला. माझ्या पुढच्या तीस लेखांना मिळून आला नसेल एवढा मान त्या दोन पानांना मिळाला, आणि पुढे मी स्वतः नीती समितीवर बसून इतरांच्या अर्जांवर नाकाने कांदे सोलू लागलो.

तोंडी परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसू शकत होतं. प्रबंधात आभार मानलेत तर बोलवायला नको का, म्हणून मॅडमनी आक्कांना आवर्जून बोलावलं होतं. त्या हिरवं नऊवारी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पेढ्यांचं खोकं होतं. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. खापेकर नागपूरचे होते. त्यांनी आधी तासभर इंग्रजीत विचारलं, मग चष्मा काढला आणि मराठीवर आले.

"मला एक सांगा, रणदिवे. प्रबंधात तुम्ही सगळीकडे 'शक्यता' लिहिलंय. पण मघापासून बोलताना तीनदा म्हणालात, पिशवीमुळेच. हा 'च' कुठून आला?"

मी काहीतरी बोललो. आठ नंबर, तेरा पेट्या.

"ते वाचलं मी. त्याने शक्यता वाढते, खात्री होत नाही. तुमच्या बोलण्यात मात्र खात्री आहे. म्हणून विचारतो, प्रबंधात नसलेलं काही तुम्हाला माहीत आहे का?"

त्यांच्या विचारण्यात संशय नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. शेवटच्या रांगेकडे मी पाहिलं नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी.

"नाही, सर," मी म्हणालो. "बोलण्याच्या ओघात झालं. शक्यताच आहे."

डॉ. खापेकरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल सांगताना ते म्हणाले की स्वतःच्या निष्कर्षापुढे इतक्या नम्रतेने उभा राहणारा विद्यार्थी हल्ली दिसत नाही. टाळ्या वाजल्या. मॅडमनी पाठ थोपटली. मी डॉक्टर झालो, आणि मला इतकी लाज वाटत होती की माझं नाव घेतलेलं मला ऐकू आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आक्का खोकं उघडून पेढे वाटत होत्या. शिपायाला दिला, विभागातल्या मुलींना दिला. माझ्यासाठी पेढा हातात घेतला आणि थांबल्या.

"ते चष्मेवालं सर मराठीत इचारत होतं, ते सत्तावीसचंच ना?"

"हो."

"आन् तुमी न्हाई म्हनलात."

"हो, आक्का."

आक्कांनी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलं व्हतं, कळलंय तर सांगतील कुनाला तरी," त्या म्हणाल्या. "म्हंजी ती दोन फुकटच गेली की."

आणि पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.